चार टोपांचा ठराव

आमच्या वाडीत ठराव पास व्हायला कधीच अडचण आली नाही. अडचण यायची ती त्यानंतर. विहारामागच्या गटारावर लाद्या टाकायचा ठराव मी बालवाडीत असताना एकमताने मंजूर झाला होता. मी कॉलेज संपवून घरी आले तरी गटार उघडंच आहे. रस्त्यावरच्या दिव्याचा ठराव तर इतक्यांदा मंजूर झालाय, की एव्हाना त्याच्या नुसत्या आठवणीनेच उजेड पडायला हवा होता. तरी दर सभेला माणसं इस्त्रीचे कपडे घालून येतात, सूचक उभा राहतो, अनुमोदक हात वर करतो, टाळ्या होतात आणि सगळे समाधानाने घरी जातात. मला याचा फार राग यायचा. माझं डोकं लवकर तापतं, हे वाडीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

मी दीक्षा. माणगावच्या कॉलेजातून कॉम्प्युटरची पदवी घेतली आणि वाडीत परत आले. माझे बाबा, रामा, आगरदांड्याच्या जेट्टीवर दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत गाड्या लावून घेतात. दिवसभर ‘अजून मागं, अजून, बस’ करून त्यांचा आवाज बसलेला असतो, त्यामुळे घरी ते कमीच बोलतात. पण एकदा बोलले की तो निर्णय. माझ्याबद्दलचा निर्णय त्यांनी घेऊन टाकला होता. माझा चुलतभाऊ धम्मदीपदादा मुंबईत सरकारी कचेरीत आहे. त्याने उरणच्या एका कंटेनर यार्डात माझ्यासाठी शब्द टाकला. कोणता कंटेनर आला, कोणता गेला, ते कॉम्प्युटरवर भरायचं. खात्रीची नोकरी, आत्याकडे राहायची सोय. आईने बॅगसुद्धा काढून पुसून ठेवली.

मला जायचं नव्हतं. मला इथेच बसून स्वतःचं काम उभं करायचं होतं, आणि ते कसं, हेही मला ठाऊक होतं. आमच्या मंडळाची भांडी.

मंडळाची भांडी म्हणजे काय, ते सांगते. विहाराशेजारच्या खोलीत समाजाच्या मालकीचे मोठे टोप, पराती, झारे, पिंपं असतात. लग्न असो, बारसं असो, मयतानंतरचं पुण्यानुमोदन असो, भांडी तिथूनच न्यायची. टोप दिसायला पुष्कळ, पण अख्ख्या वाडीचा भात शिजेल असे मोठे चारच. आणि आमच्यात भांड्यांना कोणी कोणाला नाही म्हणत नाही. विचारायला आलेल्याला ‘होईल’ म्हणायचं, ही रीतच. मागच्या उन्हाळ्यात दोन घरांना ‘होईल’ म्हटलं गेलं आणि दोन टेम्पो एकाच वेळी खोलीच्या दारात उभे राहिले. एका टोपाचा एक कान एका घराच्या हातात, दुसरा दुसऱ्याच्या. त्यातल्या एका घराने शेवटी पाण्याच्या पिंपात डाळ शिजवली, आणि ती दोन घरं गणपतीपर्यंत एकमेकांशी बोलत नव्हती.

तेव्हा मी म्हटलं, मी वेबसाइट करते. कोणती भांडी कोणत्या तारखेला कोणाकडे, सगळं मोबाइलवर दिसेल. आसपासच्या तीन वाड्यांची मंडळंही म्हणाली, तुमची चालली तर आमचीही कर. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि अट घातली. वाडीत राहणाऱ्यांचं ग्रामीण मंडळ आणि मुंबईत गेलेल्यांचं मुंबई मंडळ, या दोघांची संयुक्त सभा वर्षातून एकदाच, बुद्धपौर्णिमेला होते. त्या सभेने मला रीतसर काम दिलं तर राहायचं. नाही दिलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी उरण.

मी कामाला लागले. वाडीत नेटवर्क धड मिळतं ते विहाराच्या पायरीवर, म्हणून माझं ऑफिसही तिथेच. आधी प्रकल्प मांडला, मग त्याचं बिल्ड होईल, म्हणजे लिहिलेल्या कोडची चालती वेबसाइट तयार होईल, असं केलं, मग तपासण्या लिहिल्या आणि शेवटी ते सगळं आपोआप इंटरनेटवर चढेल अशी व्यवस्था लावली. बाबांनी एकदा विचारलं, एवढा वेळ करतेस काय. मी म्हटलं, तुम्ही जेट्टीवर करता तेच. गाडी आली की बघायची, जास्त भरलेली असली तर अडवायची, नीट असली तर बोटीत चढवायची आणि पलीकडे उतरवायची. इथे एवढंच, की मध्ये माणूस लागत नाही. माणूस लागत नाही हे सभेत सांगू नकोस, असं म्हणून ते चहा प्यायला गेले.

तपासण्या मी तीनच लिहिल्या होत्या. बुकिंगला नाव असलं पाहिजे, तारीख उलटून गेलेली नको, आणि एका दिवशी दिलेली भांडी मंडळाकडे आहेत त्यापेक्षा जास्त नकोत. यातली एक जरी चुकली तरी बदल वर चढणार नाही, तिथेच लाल फुली येईल. बरोबर असलं तर हिरवी खूण.

सगळं जमून आलं आणि नामाकाका आले. नामाकाका ग्रामीण मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त शिक्षक, नियमाचे एकदम पक्के. त्यांचं म्हणणं, मंडळाच्या वेबसाइटवर सूचक-अनुमोदकाशिवाय एक अक्षरही बदलायचं नाही. मी तिथल्या तिथे भडकले. ज्या ठरावांनी गटार झाकलं नाही ते आता माझ्या कोडमध्ये येणार, हे काही मला सहन होईना. रागारागाने घरी गेले, जेवताना विचार केला आणि हात धुता धुता हसायला लागले. कारण मी वापरत होते त्या व्यवस्थेत हीच सोय आधीपासून होती. एकाने बदल सुचवायचा, दुसऱ्याने तो मंजूर करायचा, मगच पुढे. ज्यांनी ती बनवली त्यांनीही आमच्यासारख्या पुष्कळ सभा काढल्या असणार.

मग मी एक साधं पान केलं. मंडळाच्या सदस्याने मोबाइलवर ठराव लिहायचा, तो सूचक. दुसऱ्या सदस्याने ‘मंजूर’ दाबायचं, तो अनुमोदक. दोघं झाले की पुढचं आपोआप. बिल्ड, तपासणी आणि थेट वेबसाइटवर.

पहिला ठराव धोंडूबाईंनी मांडला. धोंडूबाई महिला मंडळाच्या अध्यक्ष आणि भांड्यांच्या खोलीची चावी त्यांच्याच कमरेला. वाडीतल्या कुठल्याही लग्नाचा मुहूर्त भटजीच्या नव्हे, या चावीच्या हातात, असं आम्ही त्यांना चिडवतो. त्यांनी सांगितलं, टोपांवर ज्यांची नावं कोरली आहेत ती वेबसाइटवर टोपाच्या फोटोखालीही यायला हवीत. एक टोप त्यांच्या बहिणीच्या, शकूच्या, आठवणीसाठी दिलेला आहे. ठराव मीच टाइप करून दिला. नामाकाकांनी चष्मा लावून ‘मंजूर’ दाबलं. पिवळं वर्तुळ फिरायला लागलं, आम्ही तिघं पायरीवर बसून बघत राहिलो, हिरवी खूण आली, आणि मी धोंडूबाईंच्या मोबाइलवर पान उघडून दिलं. टोपाच्या फोटोखाली ‘शकूच्या स्मरणार्थ’ असं आलं होतं.

धोंडूबाईंनी मोबाइल उलटा करून मागून बघितला.

“ह्या कुनी क्येला?”

“ठरावाने,” मी म्हटलं.

“ठरावानं?” त्या नामाकाकांकडे वळल्या. “आपल्या ठरावानं काय झाला?”

आणि मग त्या हसायला लागल्या. हसता हसता पदर तोंडाला लावला, डोळे पुसले, पुन्हा हसल्या. नामाकाकांना काही बोलायचं होतं, पण त्यांनाही हसू आवरेना. एवढ्या वर्षांत त्यांच्या सहीचा ठराव त्यांच्या डोळ्यांदेखत खरा झालेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता.

ही बातमी जेवणवेळेच्या आत वाडीभर झाली आणि दुपारपासून सगळ्यांना ठरावांचं वेड लागलं. वेबसाइटचा रंग निळा करावा. मंजूर. अजून जरा निळा करावा. मंजूर. झाऱ्याचा फोटो वाकडा आहे, सरळ घ्यावा. पराती घासून दिल्या नाहीत त्यांची नावं यावीत. ती नावं आली आणि लगेच ती काढण्याचा ठराव आला, सूचक स्वतः नामाकाका. मग मुंबईकरांना सुगावा लागला. ते ऑफिसात बसून, एसटीत बसून, कोणी चक्क दाढी करता करता मंजूर, मंजूर करत सुटले. धम्मदीपदादाने ठराव मांडला, की वेबसाइटवर पक्ष्यांचा आवाज असावा. तो मंजूर झाला, आणि एका मयताच्या घरून भांडी बघायला पान उघडलं तर मोबाइलमधून कोकीळ ओरडली. तो ठराव धोंडूबाईंनी तासाभरात रद्द करून घेतला.

मी तर नुसती तरंगत होते. सकाळी उठून आधी मोबाइल बघायची, रात्री कोणते ठराव पास झाले ते. एका सकाळी पाहिलं तर ‘नामाकाकांनी सभेत थोडक्यात बोलावे’ हा ठराव पास होऊन वेबसाइटवर झळकत होता, आणि अनुमोदक होत्या नामाकाकांच्या बायको. पंपावर, दुकानात, जेट्टीवर माणसं मला थांबवून विचारायची, आज काय काय पास झालं. बाबा बोलले काहीच नाहीत, पण बोटीवरच्या माणसाला ते आपला मोबाइल दाखवताना मी लांबून बघितलं. मनात म्हटलं, झालं, उरण गेलं.

बुद्धपौर्णिमेला सकाळी मुंबईकरांची बस आली. विहारात वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, मागच्या बाजूला त्याच चार टोपांत खीर शिजायला लागली. बाहेर पोरांचं बेंजो पथक संध्याकाळच्या मिरवणुकीसाठी वाद्यं जुळवत होतं. धम्मदीपदादाने मुंबईहून प्रोजेक्टर आणला होता. भिंतीवर पांढरी चादर लावली, माझा लॅपटॉप जोडला आणि सभेला सुरुवात झाली. आई महिला मंडळाच्या रांगेत बसली. बाबा नेहमीसारखे दाराशी, चपलांजवळ उभे. त्यांना मी सभेत बसलेलं कधी पाहिलंच नाही.

विषयपत्रिकेवर पहिला विषय माझ्या मैत्रिणीच्या, मनालीच्या, लग्नाचा. येत्या आठवड्यात तिचं दुपारी लग्न आणि त्याच दिवशी संध्याकाळी वाडीतल्याच दुसऱ्या घरच्या सम्यकची हळद; त्याचं लग्न वेगळं, नंतरचं. दोन्ही घरांनी चारही मोठे टोप मागितले होते. माझा विषय त्यानंतरचा होता.

सभा अशी रंगात आलेली, की कोणाला काही अवघड वाटेचना. नाही म्हणायची रीत नाही, ठराव मांडला की होतो, मग काळजी कसली. धम्मदीपदादा उभा राहिला आणि त्याने ठराव मांडला, की दोन्ही घरांना चार-चार टोप द्यावेत. नामाकाकांनी अनुमोदन दिलं. एकमताने मंजूर. टाळ्या पडल्या. दोघांनी आपापल्या मोबाइलवर बटणं दाबली आणि अख्खी सभा चादरीकडे बघायला लागली.

पिवळं वर्तुळ फिरलं, फिरलं, आणि लाल फुली आली.

सभेला काही कळेना. इतक्या दिवसांत लाल कोणी पाहिलंच नव्हतं. मागून कोणीतरी विचारलं, ह्ये काय. मी सांगितलं, बदल वर गेला नाही, अडवला. नामाकाका हळूच उठले. आमच्या सभेचा जुना नियम आहे. ठरावाला विरोध असेल तर विरोध करणाऱ्याने उभं राहायचं, आपलं नाव आणि कारण सांगायचं, ते इतिवृत्तात नोंदवलं जातं. हा नियम माझ्या आठवणीत कोणी वापरलेला नव्हता, पण नामाकाकांना तो तोंडपाठ होता.

“ज्यांचा विरोध हाय त्यांनी उभा ऱ्हावा,” ते म्हणाले.

माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली. मनालीचे मामा सम्यकच्या काकांकडे संशयाने बघायला लागले, ते मामांकडे. एक म्हातारे गृहस्थ कंबर धरून उभे राहिले, तर सगळे त्यांच्याकडे वळले, आणि त्यांना नुसतं पाणी प्यायला जायचं होतं. मला हसू यायला लागलं. मी बसल्या जागेवरून समजावलं, की कोणा माणसाचा विरोध नाही, ही तपासणी आहे, मंडळाकडे आहेत त्यापेक्षा जास्त टोप देता येत नाहीत.

धम्मदीपदादा माझ्याजवळ आला. तो वाईट माणूस नाही, माझ्या बाजूचाच होता. त्याने हळू आवाजात विचारलं, ही तपासणी काढायला किती वेळ लागेल. मी म्हटलं, एक ओळ आहे, लगेच निघेल. मग काढ, तो म्हणाला. ही हिरवी झाली की तुझाच विषय आहे, सभा खूश आहे, आत्ता लगेच मंजूर करून घेतो, सूचक मीच. टोपांचं काय, बघू त्या दिवशी, होईल.

माझा हात त्या ओळीवर गेला, हे खरं. ती ओळ काढली असती तर मी वाडीत राहिले असते, तीन वाड्यांचं काम मिळालं असतं, बॅग परत माळ्यावर गेली असती. मी मान वर केली तर समोर मनाली. मांडीत खिरीसाठी सोललेल्या वेलच्या घेऊन ती माझ्याकडे बघत होती. तिला माझ्या कोडातलं काही कळत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं, की तिचे टोप मंजूर झाले. आणि लग्नाच्या दिवशी ती हळदीच्या अंगाने भांड्यांच्या खोलीच्या दारात उभी राहून टोपाचा कान ओढतेय, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं. डोकं सटकलंच माझं.

मी उभी राहिले.

“विरोध माझा आहे,” मी म्हटलं. “नाव दीक्षा रामा. कारण, टोप चार आहेत.”

नामाकाकांचं पेन हवेतच थांबलं. ठराव एकमताने पास झालाय, असं ते समजावणीच्या सुरात म्हणाले.

“मग टोपही एकमतानेच आठ करा.”

एवढं मी बोलायला नको होतं. सभेत कुजबुज वाढली. कोणी म्हणालं, पोरगी शिकली म्हणजे काय वडीलधाऱ्यांना उलट बोलायचं. मुंबईकरांतलं कोणी म्हणालं, मशीनच बिघडलंय. धम्मदीपदादाचा चेहरा पडला. तो माझ्या विषयाचा सूचक व्हायला निघाला होता आणि मी सगळ्यांदेखत त्याच्या ठरावाला आडवी आले होते. मी बाबांकडे पाहिलं. ते खाली मान घालून चपलांकडे बघत होते. मला रडू यायला लागलं. संपलं, मी मनात म्हटलं, उद्यापासून कंटेनर.

तेव्हा धोंडूबाईंनी कमरेची चावी काढून जमिनीवर आपटली. आवाज काही फार झाला नाही, पण सगळे गप्प झाले.

“तुमी सभेत हो म्हनता आन घरला जाता,” त्या म्हणाल्या. “दारात मी उभी ऱ्हाते. शिव्या मी खाते. इतक्या वर्सांत माज्या आदी कुनी न्हाय म्हनलेला मी आज बघतंय. त्या पोरीला बसवू नका.”

मग त्या सभेकडे पाठ करून थेट मनालीशी आणि सम्यकशी बोलायला लागल्या. तुझ्याकडे दुपारी जेवणार कोण, मनालीला विचारलं. मनाली म्हणाली, सगळी वाडी. आणि तुझ्याकडे संध्याकाळी, सम्यकला विचारलं. सम्यक म्हणाला, सगळी वाडी.

“मंग चूल दोन कशाला?”

एवढं साधं होतं ते. तीच माणसं, तेच आचारी, विहारासमोरचं तेच पटांगण. एकच मांडव घालायचा, एकच चूल पेटवायची, दुपारी लग्नाचं जेवण आणि तेच टोप घासून संध्याकाळी हळदीचं. मनालीचे मामा म्हणाले, आमचे आचारी. सम्यकचे काका म्हणाले, मग लाकडं आमची. दोघं एकमेकांना जागा करून देत पुढे आले. मनालीने ओरडून सांगितलं, की हळदीला नाचून झाल्याशिवाय ती सासरी जाणार नाही, आणि सम्यकच्या आईने ते लगेच मान्य केलं.

नवा ठराव धोंडूबाईंनी स्वतः टाइप केला, एका बोटाने, चष्म्यातून वर-खाली बघत. दोन्ही कार्यांची चूल एक, टोप चार. अनुमोदनाला एवढे अंगठे पडले, की कोणाचा पहिला लागला ते मला नंतर शोधावं लागलं. पिवळं वर्तुळ फिरायला लागलं. अख्खं विहार श्वास रोखून चादरीकडे बघत होतं, खीर ढवळणारी माणसंही झारे हातात घेऊन दारात आली होती.

हिरवी खूण आली आणि एकच गोंधळ झाला. बाहेर बेंजोवाल्या पोरांना वाटलं मिरवणूक निघाली, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. महिला मंडळाची अख्खी रांग उठून टाळ्या वाजवायला लागली. नामाकाकांनी दोनदा घंटी वाजवली आणि तिसऱ्यांदा बेंजोच्या तालावर. मी हसत होते आणि नाकही पुसत होते.

माणसं बसली तेव्हा खिरीचा वास आत आला होता आणि सगळ्यांना भूक लागली होती. नामाकाकांनी विषयपत्रिका पुढे ओढली. माझा विषय आला, आणि त्यांनी घसा खाकरला. नियम असा, की ज्याने सभेत विरोध नोंदवला त्याच्या स्वतःच्या कामाचा विषय त्याच सभेत घेता येत नाही. पुढच्या संयुक्त सभेत, म्हणजे पुढच्या वर्षी. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं, पण नियम तो नियम. धम्मदीपदादाही मऊ आवाजात म्हणाला, वर्षभर उरणला शिकेल, पुढच्या पौर्णिमेला बघू, रामाकाकांनी ठरवलंच आहे. मी लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागले.

“विरोध हाय,” असा आवाज दारातून आला.

बसलेला, घोगरा आवाज. पहिल्यांदा कोणाला कळलंच नाही कोणाचा. मग बाबा चपलांमधून वाट काढत आत आले आणि पार पुढे येऊन उभे राहिले. सभेत ते आत आलेले मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

नामाकाकांनी विचारलं, कशाला विरोध.

“दीक्षा उरनला जायाला.”

धम्मदीपदादा गोंधळला. “काका, ठरवलं तर तुम्हीच होतं.”

“व्हय. माजाच ठराव. म्हनून तं विरोधाला मीच उभा ऱ्हायलो.”

नामाकाकांनी पेन उघडलं. “नाव सांग, रामा.”

“तुमाला ठावं हाय.”

“कारण?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते चादरीवरच्या त्या हिरव्या खुणेकडे बघत बोलत होते, सावकाश, जेट्टीवर गाडी मागे घेताना सांगतात तसं.

“मी बोटीवर गाड्या लावतो. भरली की हात आडवा करतो. मंग साहेब असूं दे, पुढारी असूं दे, शिव्या घालू दे. हात खाली घेतला तं बोट बुडंल. माज्या पोरीनं आज आख्ख्या सभेपुढं हात आडवा केला. ती तिकडं जाऊन लोकांचं डबं मोजत बसंल, आन हितं आमचं टोप कोन मोजंल? लिवा. ह्याच कारन.”

आईच्या रांगेतून हुंदका आला. धोंडूबाई म्हणाल्या, याला अनुमोदन कोण, आणि नामाकाका म्हणाले, विरोधाला अनुमोदन लागत नाही. त्या म्हणाल्या, मंग लागू करा. नामाकाका क्षणभर नियमांच्या पोटात कुठेतरी शोधत राहिले, आणि मग त्यांनी काय केलं, तर ते स्वतःच उभे राहिले. या विषयावर दोन विरोध आल्याने, ते म्हणाले, एक विरोध दुसऱ्याला छेदतो, सबब विषय याच सभेत घेता येतो. असा नियम कुठेही नाही, हे त्यांना आणि मला दोघांनाही माहीत होतं. मंडळाच्या वेबसाइटचं काम दीक्षा रामा यांच्याकडे द्यावं, असा ठराव त्यांनी मांडला. सगळ्यांत आधी धम्मदीपदादाचा हात वर गेला, आणि तो म्हणाला, उरणवाल्यांना मीच फोन करतो, तुम्ही कोणी काळजी करू नका.

हा ठराव वेबसाइटवर चढवला तेव्हा बाबा माझ्या शेजारी उकिडवे बसले होते. वर्तुळ फिरत असताना त्यांनी दोनदा विचारलं, झालं का. मी दोनदा सांगितलं, थांबा. मग हिरवं झालं आणि मी म्हटलं, झालं, बाबा. ते उठले, पटांगणात गेले, बेंजोच्या आवाजात एका कानात बोट घालून जेट्टीवर फोन लावला आणि तिथल्या माणसाला ओरडून सांगायला लागले, की उद्याची रजा नको, पोरीला कुठं सोडायला जायचं नाही, मी येतोय कामाला.